नऊ युरोपियन कप जिंकलेला कोच एनबीएत का गेला नाही? झेल्को ओब्रादोविच समजून घेताना

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडच्या विमानतळावर हजारो लोक एका बास्केटबॉल कोचची वाट बघत जमले होते. कोच काही कप घेऊन येत नव्हते. अथेन्समध्ये त्यांचा संघ, पार्टिझान, मोठ्या फरकाने हरला होता आणि त्यांनी राजीनामा दिला होता. लोक आले होते ते ‘जाऊ नका’ हे सांगायला. संघ हरला की कोचच्या नावाने बोटं मोडायची, ही जगभरची रीत. इथे उलटंच घडत होतं. झेल्को ओब्रादोविच हे त्या कोचचं नाव.

आपल्याकडे बास्केटबॉल बघितला जातो तो मुख्यतः एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा. सर्बिया म्हटलं की एनबीएत खेळणारा निकोला योकिच आठवतो आणि बहुतेकांची माहिती तिथेच संपते. त्यामुळे ‘युरोपच्या इतिहासातला सर्वांत यशस्वी कोच’ अशी ओळख वाचली की साहजिकच प्रश्न पडतो: एवढे मोठे, तर एनबीएत कसे नाहीत? या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येतं, पण ते अर्धवट ठरतं. त्यासाठी आधी युरोपातला बास्केटबॉल कसा चालतो ते बघावं लागतं.

युरोलीग म्हणजे काय?

युरोपात प्रत्येक देशाची आपापली लीग असते. त्यातले सर्वांत ताकदवान क्लब एकमेकांशी भिडतात ती स्पर्धा म्हणजे युरोलीग. हिचं नाव आणि आयोजक काळानुसार बदलले, पण मूळ कल्पना १९५८ पासून तीच आहे: युरोपातला अव्वल क्लब कोणता ते ठरवायचं. सध्या यात २० संघ आहेत. हंगामाच्या शेवटी चार संघ उरतात आणि ते एकाच शहरात, एकाच आठवड्याच्या शेवटी उपांत्य आणि अंतिम सामने खेळतात. याला म्हणतात फायनल फोर. एनबीएमध्ये अंतिम फेरी सात सामन्यांपर्यंत चालते. एक दिवस वाईट गेला तरी सावरायला पुढचे सामने असतात. फायनल फोरमध्ये तशी सोय नाही. चाळीस मिनिटं, आणि वर्षभराचा निकाल.

ओब्रादोविच यांनी हा कप नऊ वेळा जिंकला, तोही पाच वेगवेगळ्या क्लबांना घेऊन: पार्टिझान (१९९२), होव्हेंतुत बादालोना (१९९४), रिआल माद्रिद (१९९५), पनाथिनायकोस (२०००, २००२, २००७, २००९, २०११) आणि फेनरबाहचे (२०१७). शहरं अनुक्रमे बेलग्रेड, बार्सिलोनाजवळचं बादालोना, माद्रिद, अथेन्स आणि इस्तंबूल. रिआल माद्रिद सोडला तर युरोपातल्या कुठल्याही क्लबकडे, अख्ख्या इतिहासात मिळून, नऊ कप नाहीत. हा आकडा मी पहिल्यांदा पडताळून पाहिला तेव्हा पुन्हा एकदा मोजून बघितला होता.

चाचाकचा पॉइंट गार्ड

ओब्रादोविच यांचा जन्म १९६० चा, पश्चिम सर्बियातल्या चाचाक गावचा. मोरावा नदीकाठचं हे मध्यम आकाराचं शहर बास्केटबॉलवेडं म्हणून ओळखलं जातं. युगोस्लाव्हियाचा महान खेळाडू द्रागान किचानोविच इथलाच. ओब्रादोविच आधी गावच्या बोराट्स क्लबकडून आणि १९८४ पासून पार्टिझानकडून खेळले.

त्यांची जागा होती पॉइंट गार्डची. चेंडू पुढे घेऊन जायचा, समोरचा बचाव कसा उभा आहे ते वाचायचं आणि कोणाला कुठे पास द्यायचा ते ठरवायचं, हे त्या खेळाडूचं काम. ते चांगले खेळाडू होते, पण पोस्टरवर झळकणारे नव्हते. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये रौप्य आणि १९९० च्या जागतिक स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या युगोस्लाव्हियाच्या संघात ते होते. पण त्याच संघात ड्राझेन पेत्रोविच, व्लादे दिवाच, टोनी कुकोच अशी माणसं होती. प्रकाश त्यांच्यावरच असणार.

मला वाटतं, पुढच्या आयुष्यासाठी ही जागा त्यांच्या पथ्यावर पडली. ज्याला सगळं उपजत जमतं त्याला ते दुसऱ्याला समजावून सांगणं अनेकदा जमत नाही. ज्याला प्रत्येक गोष्ट विचार करून मिळवावी लागली, त्याच्याकडे ती शिकवण्यासाठी शब्द असतात.

खेळाडूचा थेट कोच

१९९१ चा उन्हाळा. रोमला युरोपियन अजिंक्यपद होणार होतं आणि ओब्रादोविच राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिरात होते. पार्टिझानचा कारभार तेव्हा किचानोविच बघत होते. त्यांनी आपल्या गावच्या या ३१ वर्षांच्या गार्डला विचारलं: कोच होतोस का? ओब्रादोविच यांनी शिबिर सोडलं, खेळणंही सोडलं आणि कालपर्यंत ज्यांच्यासोबत घाम गाळला त्याच पोरांचे कोच झाले. मध्ये सहायक कोच म्हणून उमेदवारीची वर्षं नाहीत, कुठल्या छोट्या क्लबातला अनुभव नाही.

हा जुगार वाटतो. पण किचानोविच यांनी सोबत आणखी एक व्यवस्था केली होती. अलेक्झांडर निकोलिच हे ज्येष्ठ कोच त्या हंगामात सल्लागार म्हणून नवख्या कोचच्या पाठीशी होते. निकोलिच यांना सगळे ‘प्रोफेसर’ म्हणत. इटलीतल्या वारेसे क्लबला त्यांनी १९७०, १९७२ आणि १९७३ असे तीन युरोपियन कप मिळवून दिले होते.

सर्बियातून इतके कोच का निघतात, याचं उत्तर इथे दडलंय. आपल्या गायकीतल्या घराण्यासारखा हा प्रकार आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर बेलग्रेडमध्ये चार तरुण एकत्र खेळत होते: नेबोयशा पोपोविच, बोरा स्टानकोविच, रादोमिर शापेर आणि हे निकोलिच. चौघांनी खेळ तर रुजवलाच, पण तो शिकवायचा कसा याचाही विचार केला. स्टानकोविच पुढे फिबा या जागतिक संघटनेचे सरचिटणीस झाले आणि त्यांच्याच काळात एनबीएच्या खेळाडूंना ऑलिंपिकची दारं उघडली. निकोलिच यांनी मैदानावर शिष्य घडवले. घराण्यात तालीम समोर बसून होते, तशीच ही विद्याही एकाकडून दुसऱ्याकडे गेली: पायांची ठेवण, पास कधी द्यायचा, बचावात हात कुठे असावेत. ओब्रादोविच यांना ती ऐन कामाच्या दिवसांत, सामन्यागणिक मिळाली.

घर नसलेला संघ

तो पहिला हंगाम थोडा सविस्तर सांगायला हवा. युगोस्लाव्हिया तेव्हा फुटत होता. रोमची स्पर्धा चालू असतानाच स्लोव्हेनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि त्यांचा युरे झ्दोव्ट्स संघ सोडून निघून गेला. युद्ध सुरू झाल्यावर युरोपियन कपमध्ये खेळणाऱ्या तिथल्या संघांना सांगण्यात आलं, की तुमचे घरचे सामने देशाबाहेर खेळा. पार्टिझानने माद्रिदजवळचं फुएनलाब्रादा हे कामगारवस्तीचं शहर निवडलं. ज्या लोकांचा बेलग्रेडशी काडीचा संबंध नव्हता, त्यांनी या तरण्या पोरांना आपलं मानलं. स्पॅनिश संघ समोर असला तरी गॅलरी पार्टिझानच्या बाजूने ओरडायची. अख्ख्या मोहिमेत बेलग्रेडमध्ये फक्त एक सामना खेळायला मिळाला, बोलोन्याविरुद्ध उपांत्यपूर्व फेरीतला.

१६ एप्रिल १९९२, इस्तंबूल, अंतिम सामना. समोर होव्हेंतुत बादालोना. दहाएक सेकंद उरली असताना होव्हेंतुतच्या तोमास होफ्रेसाने बास्केट केली, ७०–६८. अशा वेळी बहुतेक कोच टाइमआउट घेतात, म्हणजे खेळ थांबवून संघाला जवळ बोलावतात आणि शेवटची चाल आखून देतात. पार्टिझानने खेळ थांबवला नाही. कोप्रिविचाने चेंडू साशा जॉर्जेविचच्या हातात दिला. तो उजव्या बाजूने धावत सुटला आणि तीन गुणांच्या रेषेजवळ जवळजवळ तोल जातानाच शॉट मारला. ७१–७०. पार्टिझान युरोपचे विजेते.

मे महिन्याच्या शेवटी संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध लादले. त्यात खेळही आले. पार्टिझानला आपलं विजेतेपद राखण्यासाठी मैदानात उतरताच आलं नाही. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, ओब्रादोविच यांना बोलावलं ते त्यांच्याकडूनच हरलेल्या होव्हेंतुतने. १९९४ ची अंतिम लढत तेल अवीवला झाली. कॉर्नी थॉम्पसनच्या तीन गुणांच्या शॉटवर ग्रीसच्या ऑलिंपियाकोसला ५९–५७ असं हरवून होव्हेंतुतने कप नेला.

कोच नेमकं करतो काय?

मैदानात धावतात खेळाडू, बास्केट करतात खेळाडू. मग कोचचा हात कुठे दिसतो? एका चालीतून बघू. तिला पिक अँड रोल म्हणतात आणि आजचा निम्मा बास्केटबॉल तिच्याभोवती फिरतो.

चेंडू गार्डकडे आहे आणि त्याच्यासमोर बचावपटू आहे. गार्डचा एक उंच साथीदार येऊन त्या बचावपटूच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. गार्ड त्या भिंतीला घासून पलीकडे जातो, बचावपटू अडकतो. इकडे उंच साथीदार वळून रिंगकडे धावत सुटतो. आता एका क्षणापुरते दोघांविरुद्ध दोघे असूनही बचाव गोंधळलेला आहे. उंच बचावपटू गार्डवर आला, तर धावणाऱ्या साथीदाराला पास. तो मागेच थांबला, तर गार्डला शॉट मोकळा. कोपऱ्यातला तिसरा बचावपटू मदतीला आत सरकला, तर कोपऱ्यातला आपला शूटर मोकळा. बचावपटूंनी आपापली माणसं अदलाबदल करून घेतली, तर उंच खेळाडूसमोर आता बुटका बचावपटू आहे, मग चेंडू त्याच्याकडे.

हे सगळं वाचायला अर्धा मिनिट लागलं असेल. मैदानात त्यासाठी सेकंदभरही नसतो. शिवाय निर्णय एकट्या गार्डने घेऊन भागत नाही. पाचही जणांना एकाच वेळी तेच दिसायला हवं. कोपऱ्यातला शूटर दोन पावलं चुकीच्या जागी असेल, तर पास कितीही सुंदर दिला तरी वाया. ओब्रादोविच यांचं काम म्हणजे पाच जणांना एकाच नजरेने बघायला शिकवणं. २००९ च्या त्यांच्या पनाथिनायकोस संघात दियामांतिदिस, स्पानुलिस आणि लिथुआनियाचा यासिकेविचुस असे तीन अव्वल गार्ड एकाच वेळी होते. तिघांनाही चेंडू हातात लागतो. असे संघ एरवी अहंकारापायी फुटतात. या संघाने बर्लिनला सीएसकेए मॉस्कोला ७३–७१ असं हरवून कप घेतला.

युरोपात कोचला एवढं वजन का?

याची कारणं बरीचशी नियमांत आहेत. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा, युरोपात ४०. वेळ कमी म्हणजे प्रत्येक चेंडूची किंमत जास्त. एनबीएत बचावपटूला कोणालाही न धरता रिंगखालच्या रंगवलेल्या भागात तीन सेकंदांहून जास्त उभं राहता येत नाही. युरोपात तशी बंदी नाही. त्यामुळे युरोपात रिंगखाली गर्दी असते आणि एकट्याने घुसून बास्केट करणं अवघड जातं. तीन गुणांची रेषाही जवळ आहे, ६.७५ मीटरवर, एनबीएत बहुतांश ठिकाणी ती ७.२४ मीटरवर असते. एकूण जागा आकसते, आणि आकसलेल्या जागेत वाट काढायची तर पासिंग आणि आखणी लागते.

टाइमआउटचंही तसंच. एनबीएत खेळाडू स्वतः टाइमआउट मागू शकतो. फिबाच्या नियमांत तो अधिकार फक्त कोच आणि त्यांच्या सहायकाचा, तोही पूर्वार्धात दोन आणि उत्तरार्धात तीन, मिनिटा-मिनिटाचे. हे हत्यार कधी बाहेर काढायचं, हा निर्णय सर्वस्वी बेंचवरचा.

शिवाय युरोपात एनबीएसारखी ड्राफ्ट पद्धत नाही, म्हणजे महाविद्यालयातून तयार होऊन आलेले खेळाडू संघांनी रांगेने निवडायचे, असं तिथे नाही. क्लब पोरांना लहान वयात उचलतात आणि घडवतात. मुख्य कोच हा मुळात शिक्षक असतो.

‘पैसेवाले क्लब मिळाले म्हणून जिंकले’

हा आक्षेप नेहमी येतो आणि त्यात तथ्य आहे. पनाथिनायकोसमागे यान्नाकोपुलोस बंधूंचा पैसा होता, फेनरबाहचेही तालेवार. १९९५ चा कप जिंकणाऱ्या रिआल माद्रिदमध्ये अर्विदास साबोनिस होता. तसा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, हाताशी असला की अर्धं काम झालेलं असतं.

पण पैसा इतरांकडेही होता. १९९४ आणि १९९५ अशा लागोपाठ दोन अंतिम सामन्यांत ओब्रादोविच यांच्याकडून हरलेला ऑलिंपियाकोस काही गरीब क्लब नव्हता. फेनरबाहचे तर त्यांच्या आधी फायनल फोरपर्यंत कधी पोचलाच नव्हता. त्यांच्या हाताखाली २०१५ ते २०१९ सलग पाच वेळा पोचला आणि २०१७ मध्ये इस्तंबूलमध्येच ऑलिंपियाकोसला ८०–६४ असं नमवून युरोलीग जिंकणारा पहिला तुर्की क्लब ठरला. आणि १९९२ च्या पार्टिझानकडे पैसा सोडा, घरचं मैदानही नव्हतं.

अपयशंही आहेत आणि ती लपवण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय संघाबरोबर १९९६ चं ऑलिंपिक रौप्य, १९९७ चं युरोपियन आणि १९९८ चं जागतिक सुवर्ण मिळालं. पण २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये, जगज्जेता म्हणून उतरलेला सर्बिया-माँटेनेग्रोचा संघ अकरावा आला. २००५ मध्ये तर घरच्या प्रेक्षकांसमोर युरोपियन स्पर्धेत लवकर बाद झाला. त्यानंतर पत्रकारांसमोर बसून ओब्रादोविच यांनी संघातल्या भांडणांबद्दल उघड बोलून पद सोडलं. पाच जणांना एका नजरेने बघायचंच नसेल, तर फळ्यावर काहीही काढून उपयोग होत नाही. २०२१ नंतरच्या पार्टिझानमधल्या दुसऱ्या पर्वातही युरोलीग हाती आली नाही. २०२३ मध्ये रिआल माद्रिदला त्यांच्याच घरात दोनदा हरवूनही फायनल फोरआधीची पाच सामन्यांची मालिका २–३ अशी निसटली. तरी त्या वर्षी बेलग्रेडचं भव्य स्टेडियम सामन्यागणिक खच्चून भरत होतं.

मग एनबीए का नाही?

आता मूळ प्रश्नाकडे. एनबीएने युरोपियन खेळाडू १९८० च्या दशकातच घ्यायला सुरुवात केली, पण युरोपात जन्मून तिथेच वाढलेला माणूस पूर्णवेळ मुख्य कोच व्हायला २०१८ उजाडलं. फिनिक्स सन्सचे इगोर कोकोश्कोव हे ते पहिले, आणि तेही सर्बियन. २०२३ पासून टोरांटो रॅप्टर्सकडे दार्को रायाकोविच आहेत, तेही सर्बियन. या दोघांनी एनबीएत वर्षानुवर्षं सहायक म्हणून काढली आणि मग वर चढले. ऐन चाळिशीत, युरोप पायाशी असताना, ओब्रादोविच यांनी अमेरिकेत जाऊन सहायकाच्या खुर्चीत बसायचं कशासाठी?

दुसरं कारण अधिकाराचं. एनबीएत संघात कोण असावं हे जनरल मॅनेजर ठरवतो आणि मोठ्या खेळाडूचा शब्द अनेकदा कोचपेक्षा वजनदार असतो. ८२ सामन्यांच्या हंगामात नीट सराव करायलाच दिवस सापडत नाहीत. ओब्रादोविच यांचं सगळं बळ सरावात आहे. ज्या व्यवस्थेत शिकवायला वेळ आहे आणि शेवटचा शब्द कोचचा आहे, तिथेच ते रमले. एनबीएत न गेल्याने त्यांची उंची कमी होते असं मला अजिबात वाटत नाही. दोन्हीकडचा खेळ एक, पण धंद्याची रचना वेगळी.

एवढं ओरडणं गरजेचं आहे का?

त्यांचे टाइमआउट इंटरनेटवर प्रसिद्ध आहेत. चेहरा लालबुंद, शिरा ताणलेल्या, आवाज टिपेला. हे बघून कोणाला वाटेल, की ओरडणं म्हणजेच कोचिंग. आपल्याकडच्या शाळा-क्लबांत हा गैरसमज आधीच बोकाळलाय, म्हणून ठामपणे सांगावंसं वाटतं: बारा वर्षांच्या मुलावर असं ओरडण्याला या माणसाचा दाखला देऊ नये. हे पगारी, प्रौढ, व्यावसायिक खेळाडू आहेत.

आवाज बंद करून तेच टाइमआउट बघा. बोट बहुतेक वेळा एका ठरावीक चुकीकडे असतं: तू इथे उभा होतास, तिथे हवा होतास. बोलणी संघातल्या सर्वांत महागड्या खेळाडूलाही तेवढीच बसतात. खेळाडूंनी ते इतकी वर्षं सहन केलं, कारण त्यात दुजाभाव नव्हता.

शिष्यांनी गुरूला हरवलं तेव्हा

पनाथिनायकोसच्या तेराही वर्षांत दिमित्रिस इतुदिस त्यांचे सहायक होते. २०१६ ची अंतिम लढत बर्लिनला झाली. एका बेंचवर फेनरबाहचेचे ओब्रादोविच, दुसऱ्यावर सीएसकेएचे इतुदिस. फेनरबाहचे वीसेक गुणांनी पिछाडीवर पडला, तिथून सावरून पुढे गेला, आणि अगदी शेवटी सीएसकेएच्या ख्र्यापाने बरोबरी साधून सामना जादा वेळेत नेला. १०१–९६ असा विजय शिष्याचा झाला. २००९ च्या संघातला यासिकेविचुस पुढे कोच झाला आणि २०२५ मध्ये त्याने फेनरबाहचेला दुसरी युरोलीग मिळवून दिली.

ओब्रादोविच यांचं काम समजून घ्यायचं असेल, तर सुरुवात या २०१६ च्या सामन्याने करावी. तो इंटरनेटवर सापडतो. चेंडूकडे बघू नका. कोपऱ्यात उभा असलेला, ज्याच्याकडे चेंडू येणारच नाहीये, तो खेळाडू काय करतो ते बघा. तो कधी सरकतो, कुठे थांबतो, हात कधी वर करतो. दोन्ही संघांत तुम्हाला एकच शिकवणी दिसेल.